पान चुरगाळल्यावर

बॉटनीच्या डिपार्टमेंटमध्ये काय काय साठत जातं! फुटक्या कुंड्या, बुरशी आलेले नमुने, विद्यार्थ्यांनी परत न नेलेली जर्नल्स. रद्दी आम्ही दरवर्षी काढून टाकतो. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते माझ्याकडेच राहतात. सोलापुरात बावीस वर्षं शिकवतेय, आणि त्यातले निम्मे किस्से एकाच गोष्टीचे: ज्वारीच्या पानातलं सायनाइड.

* * *

एकदा सेकंड इयरला सांगितलं, की कोवळ्या ज्वारीच्या पानात विषाची तयारी असते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार पेठेतले एक कापडवाले स्टाफरूममध्ये हजर. त्यांच्या मुलीनं दोन वेळा ताटातली भाकरी बाजूला सारली होती.

"मॅडम, भाकरी बंद केली तर आमच्या घरात खायचं काय?"

मी समजावलं, विष कोवळ्या पानात आणि फुटव्यात, पिकलेल्या दाण्यात नाही. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी मी माझा डबा उघडला. अर्धी भाकरी त्यांच्यासमोर खाल्ली, अर्धी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती उलटून पाहिली, एक घास घेतला, सावकाश चावला आणि विचारलं, "शेंगाचटणी नाही आणली का आज?"

* * *

हे विष पानात तयार नसतं. त्याचा कच्चा माल पेशीच्या एका कप्प्यात, तो फोडणारं एन्झाइम दुसरीकडे. पान शाबूत असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. जनावरानं चावलं की भिंती फुटतात, दोन्ही मिसळतात आणि सायनाइड सुटतं. एवढं सांगायला मी फळ्यावर वीस मिनिटं घालवली. वर्ग ढिम्म.

आमचे लॅबमधले मल्लिनाथमामा टेबल पुसत होते. ते म्हणाले, "चुना एका डबीत, कात दुसऱ्या डबीत. डब्या बंद हायत तवर काय होतंय? काय न्हाय. तोंडात टाकून चावलं की लाल."

वर्गाला पटलं. त्या वर्षी तोंडी परीक्षेत एका मुलानं बाहेरून आलेल्या परीक्षकांना हेच उत्तर दिलं, कात-चुन्यासकट. परीक्षकांच्या गालात पान होतं. ते उठले, खिडकीपाशी जाऊन आले, आणि म्हणाले, "पुढचा प्रश्न."

* * *

मग कॉलेज तपासायला कमिटी आली. आमचे विभागप्रमुख देशमुख सर, शांत आणि भारी टापटिपीचे. त्यांनी स्वतः प्रयोग दाखवायला घेतला. परीक्षानळीत ज्वारीचं पान, वर पिवळी पट्टी टांगलेली. सायनाइड सुटलं की पट्टी विटकरी होते.

कमिटीचा चहा संपला. पट्टी पिवळीच. सरांनी तीनदा घड्याळ पाहिलं.

मल्लिनाथमामा त्यांच्या कानाशी वाकले. "सर, पान तसंच टाकलंय तुमी."

सरांनी सगळ्यात सुंदर पान निवडलं होतं आणि ते चुरगाळायला त्यांचं मन धजलं नव्हतं. मामांनी ते काढून कुस्करलं, पुन्हा आत घातलं, आणि वेळ काढायला दुसरा चहा मागवला. तो सावकाश संपेपर्यंत पट्टी विटकरी झाली. रिपोर्टात आमच्या चहाचं कौतुक आलं.

* * *

श्रावणी सोमवारी गणिताच्या स्वामी मॅडमनी खिचडी आणली होती. मी सहज बोलून गेले, की साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्यातही हेच विष असतं, कारखान्यात ते निघून जातं. मॅडमचा चमचा थांबला. त्यांनी डबा देशमुख सरांकडे सरकवला.

"सर, आधी तुम्ही."

सरांनी सगळी खिचडी संपवली. अर्ध्या तासानं मॅडम त्यांची तब्येत बघायला आल्या, तर सरांनी विचारलं, "अजून आहे का?"

* * *

महादेवी दुधनीच्या बाजूच्या एका खेड्यातून रोज बसनं यायची. एकही तास न चुकवणारी ही मुलगी प्रॅक्टिकल परीक्षेला मात्र आली नाही. दोन दिवसांनी आली ती वडिलांना घेऊन. देशमुख सरांसमोर वडील बसेचनात.

"माजी चूक हाय, सायेब. दावं मी ढिलं बांधलं. गाय कापलेल्या ज्वारीच्या रानात शिरली. पाण्यावाचून खुरटलेले फुटवे खाल्ले, आणि पडली. किराळ लागली. पोरगी बस सोडून पळत आली. डॉक्टरला फोन तिनंच केला. हिचं पेपर माज्यामुळं गेलं."

किराळ म्हणजे हीच विषबाधा. सरांनी उत्तरपत्रिका काढली आणि तिथेच महादेवीची तोंडी परीक्षा सुरू केली.

"लक्षणं सांग."

"आधी श्वास जोरात चालतो, सर. तोंडाला फेस येतो. पाय थरथरतात. मग पडते आणि मान टाकते."

"उपाय?"

"डॉक्टरांनी शिरेत इंजेक्शन दिलं. ते येईपर्यंत मी मान मांडीवर धरून बसले होते."

सर लिहीत होते. मान वर न करता त्यांनी सवयीनं पुस्तकातला पुढचा प्रश्न विचारला, "सायनाइडच्या विषबाधेत रक्ताचा रंग कसा दिसतो?"

महादेवीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिला उत्तर शिकवलं होतं, लालभडक. तिला ते येत होतं.

"मी बघितला नाही, सर. मी तिच्या डोळ्यांकडंच बघत होते."

सरांचं पेन थांबलं. "आणि?"

उत्तर वडिलांनी दिलं.

"कडबा खातीय, सायेब. वाळलेला."