बाप वाकत नाही

अकोल्यातले आमचे दातांचे डॉक्टर चिनी वंशाचे, पण बोलणं अस्सल वऱ्हाडी. "दुखून राहिलं का?" असं विचारतच हलक्या हातानं दात काढायचे. दवाखान्यात आजोबांच्या तसबिरीपुढे रोज उदबत्ती लावायचे.

गेल्या वर्षी त्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. यंदा एप्रिलमध्ये, पितरांच्या कबरी झाडण्याच्या त्यांच्या सणाला, ते मला, त्याच्या धाकट्या मित्राला, सोबत घेऊन गेले. मुलाची कबर त्यांनी स्वतः पुसली, संत्री मांडली आणि ताठ उभे राहिले.

"आमच्यात बाप पोराले नमस्कार करत नाही," ते म्हणाले. "तू त्याच्याहून लहान हाय. तू कर."

मी वाकलो.

"अजून खाली," ते म्हणाले. "अजून थोडं." त्यांचा आवाज कातर झाला होता.

मी मातीला कपाळ टेकवलं.