कमरेएवढं पाणी

ये गं, अशी जवळ बस. किती दिवस तोंड दाखवलं नाहीस! परवा गणेशपुरीच्या एसटीत माझ्या शेजारी एक शेतकरी बसले होते, मांडीवर काकड्यांची पिशवी घेऊन. एक परदेशी कंपनी गोदामासाठी त्यांची भिवंडीजवळची जमीन बघायला आली होती. दलाल कानात म्हणाला, "काका, पाण्याचं बोलू नका." पण या काकांनी सरळ कमरेला हात लावून दाखवलं, "सायेब, पावसात एवरं पानी भरतं."

"मग सौदा मोडला?" मी विचारलं.

"न्हाय वो ताई! भराव टाकून बांधू, बोलले. त्यांचा माल भिजला आसता, तं भिवंडीत परत कोन आला आसता?"

परदेशी पैसा आणायला एवढ्या सभा भरतात, तिथं असा एक माणूस बसवायला हवा, बाई! नाव विचारायचं मात्र राहूनच गेलं. बरं, लवकर ये गं परत, मुलांना घेऊन.