भाताचा मिस्ड कॉल

महाडहून संध्याकाळी पोलादपूरला जाणाऱ्या एसटीत ती रोज माझ्या पुढच्या सीटवर असायची. कारखान्यातून सुटून आलेली, हातात रबरबँड लावलेला साधा फोन. नदीवरचा पूल आला की ती घरी एक रिंग देऊन लगेच कापायची.

माझा फोन कॅमेऱ्याचा होता. कॉलेजात सगळ्यांकडे होता म्हणून हट्टाने घेतलेला. दोन महिन्यांत त्यावर घरच्यांशिवाय कोणाचाही फोन आला नव्हता.

एकदा तिची बॅटरी पुलाआधीच संपली. ती वळून म्हणाली, "एक मिस्ड कॉल दे गो. रिंग गेल्याशिवाय सासू भात लावत नाय, आणि मी जाऊन लावला तर पोरं तशीच झोपतात."

"पण माझा नंबर त्या ओळखणार नाहीत," मी पुटपुटले.

"या वेळंला रिंग देणारं दुसरं हाय कोण? तुझा फोन फोटो काढतो, माझा भात लावतो."

तिने सांगितलेला नंबर लावून मी घाबरत रिंग देऊन कापली. मिनिटाभरात माझा फोन एकदाच वाजून थांबला.

"लागला भात," म्हणत तिने खिडकीला डोकं टेकलं.

पोलादपूर येईपर्यंत मी तो नंबर कोणत्या नावाने ठेवावा याचा विचार करत होते. शेवटी 'सासूबाई' म्हणून सेव्ह केला.