सरांची जागा

आमच्या सार्वजनिक धोरण विभागाच्या प्रमुखांना सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि त्यांच्या नवऱ्याला ‘सर’. दोघंही एकाच मजल्यावर शिकवायचे, मधे माझी खोली. त्यामुळे त्यांची भांडणं माझ्या दारावरूनच ये-जा करायची. ‘तुमच्या वर्गातल्या मुलांनी परत माझी खुर्ची पळवली,’ असं बाई इकडून ओरडायच्या. ‘खुर्ची विद्यापीठाची आहे, माहेराहून आणली नव्हती तुम्ही,’ असं सर तिकडून.

सर नगरपालिकांचा कारभार शिकवायचे. एका दुपारी शिकवता शिकवता फळ्याकडे वळले आणि तिथेच खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. बाई शेजारच्याच वर्गात होत्या. त्यांना बोलवायला मी गेलो. माझा चेहरा बघून त्यांनी हातातला खडू टेबलावर ठेवला.

त्यांना मूलबाळ नव्हतं. सरांच्या मागे घरी येणारं-जाणारं माणूस एकच, लांबू. सरांचा लाडका विद्यार्थी. उंचीमुळे हे नाव सरांनीच पाडलेलं. एका कॉलेजात तात्पुरत्या नोकरीवर होता. रविवार आला की तो बाईंकडे हजर. गळका नळ बघायचा, बाजारहाट करायचा, स्वतः भाजी चिरून बाईंना बळेबळे जेवायला बसवायचा. बाई म्हणायच्या, “हा नसता तर मी भिंतींशी बोलायला लागले असते.”

वर्षभरानं सरांची जागा भरायला मंजुरी आली. जाहिरातीचा मजकूर विभागप्रमुखानं करायचा असतो. बाई संगणकापुढे बसल्या आणि ‘रिक्त’ या शब्दावर अडल्या. मला म्हणाल्या, “एवढं तुम्ही लिहा हो. माझा हातच चालत नाही.”

लांबूनं अर्ज केला तेव्हा बाई अधिष्ठात्यांकडे गेल्या. “तो माझ्या घरच्यासारखा आहे, मला निवड समितीतून मोकळं करा.” अधिष्ठाता म्हणाले, “या विषयातलं कळणारं दुसरं आहे कोण आपल्याकडे? बसा तुम्ही. तुमच्याकडे कुणी बोट दाखवणार नाही.”

समितीत आम्ही चौघं होतो: अधिष्ठाता, बाहेरगावचे एक तज्ज्ञ, बाई आणि मी. प्रत्येक उमेदवारानं मुलांपुढे एक तास घ्यायचा होता, सरांच्याच वर्गात. आधी लांबू उभा राहिला. काय सांगू! तेच थांबणं, तेच भुवया उडवणं, नगराध्यक्ष आणि तुंबलेल्या गटाराचा तोच विनोद. मुलं खळखळून हसली. बाईंनी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

तज्ज्ञांनी विचारलं, “तुमच्या सरांच्या मांडणीत आज तुम्ही काय बदलाल?”

“सरांचं काही बदलावं असं मला वाटत नाही,” लांबू अभिमानानं म्हणाला.

नंतर आली एक सडपातळ मुलगी. आवाज कापत होता, दोनदा खडू हातातून निसटला. पण ती शहराच्या टोकाच्या वस्त्यांमध्ये राहून आलेली, टँकरच्या रांगेत बायकांबरोबर उभी राहिलेली. ती म्हणाली, “पाणी वाटपाची इथली पद्धत नोंद असलेली घरंच मोजते. भाडेकरू तिच्यात येतच नाहीत.” ती पद्धत सरांनीच नगरपालिकेला आखून दिलेली. समोर कोण बसलंय हे तिच्या ध्यानात आलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“थांबलात का? पुढे सांगा,” बाई म्हणाल्या.

चर्चेला बसलो तेव्हा तज्ज्ञांचा कल मुलीकडे होता. अधिष्ठाता म्हणाले, “बाई, तुम्हाला तो मुलगा हवा असेल तर आमची काही ना नाही.”

बाई म्हणाल्या, “मुलीला घ्या. तो फार छान बोलला. पण ते सगळं ह्यांचं होतं, त्याचं असं काही नव्हतं त्यात.”

रविवारी लांबू येईल, एकटीनं बोलणं जमणार नाही, म्हणून बाईंनी मला घरी बोलावून घेतलं. तो आला. बसलाही नाही.

“निवड झाली नाही त्याचं काही नाही, बाई. तुम्ही काय म्हणालात तेवढं सांगा.”

बाईंना टाळता आलं असतं. समितीतलं बाहेर बोलायचंच नसतं. पण त्या म्हणाल्या, “मी तिचंच नाव घेतलं.”

“सर असते तर...”

“सर असते तर जागाच निघाली नसती रे,” बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज फुटला.

तो पाठमोरा झाला. दारापर्यंत बाई मागे गेल्या, “चहा तरी घे,” म्हणाल्या. तो जिना उतरून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन केला की “जरा कामात आहे” असं अदबीनं सांगायचा. मग त्याला दूरच्या शहरात नोकरी लागल्याचं बाईंच्या कानावर आलं, तेही माझ्यामार्फत.

मुलगी रुजू झाली त्या सकाळी बाईंनी सरांची खोली उघडली. ती दारातच घुटमळली, “मी दुसरीकडे बसेन, बाई.” बाई म्हणाल्या, “दुसरी खोली कुठाय? धरा ही पुस्तकं.” दोघींनी मिळून कपाट रिकामं केलं. दाराआडच्या खुंटीवर सरांचा स्वेटर होता. बाईंनी तो घडी न घालताच पिशवीत कोंबला आणि भराभर निघून गेल्या.

मुलगी चांगली निघाली. पुढे नगरपालिकेनं भाडेकरूंची नोंद सुरू केली, तीही तिच्याच धडपडीनं. बाई निवृत्त झाल्या तेव्हा निरोप समारंभात ती फार मनापासून बोलली. लांबूला बाईंनी स्वतः फोन करून बोलावलं होतं. तो आला नाही, दोन ओळींचा संदेश आला.

मी बाईंना गाडीनं घरी सोडायला निघालो. मांडीवर हारतुरे घेऊन त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

“माझं तेव्हा चुकलं का हो?” त्यांनी विचारलं.

“नाही, बाई. मुळीच नाही.”

“तेच तर,” त्या म्हणाल्या. “चुकलं असतं तर त्याच्याकडे जाऊन माफी तरी मागितली असती.”