वसंताच्या तोंडावरची मातामाय

"बॅग बाहेरच ठेवा, डॉक्टरसाहेब. चामडं हाये," वसंताच्या आईने दारातच बजावले आणि माझ्या पायांवर तांब्याभर पाणी ओतले. दाराला कडुलिंबाचा डहाळा लटकत होता. स्टेथोस्कोप मी खिशात घालून आत नेला.

साठच्या दशकाची सुरुवात होती. मी पुसदच्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होतो. हे घर कोर्टातले कारकून भाऊराव यांचे. त्यांचा सोळा वर्षांचा वसंता मॅट्रिकला बसणार होता आणि त्याला देवी आल्याची बातमी शाळेत पोचली होती. हेडमास्तरांचा निरोप स्पष्ट होता : साथीचा रोग नसल्याचे सर्टिफिकेट आणले तर सोमवारी परीक्षा, नाहीतर वर्ष बुडाले.

देवीच्या रोगाला आमच्या भागात मातामाय म्हणत. ती घरी आलेली पाहुणी. तिला फोडणीचे, तळलेले चालत नाही. घरात कोणी दाढी करत नाही. फोड सुकून दहीभाताने तिची पाठवणी होईपर्यंत रोगी उंबरठा ओलांडत नाही. भाऊरावांची दाढी चांगलीच वाढली होती.

"ताप किती होता?"

"तापच नाही. मातामाय शांत आली," आई म्हणाली.

देवीचा रोग शांत येत नाही. आधी सणकून ताप येतो, मग फोड. ते हातापायांवर, अगदी तळव्यांवरही उठतात आणि साधारण एकदमच पिकतात. वसंताचे तळवे स्वच्छ होते. फोड गालांवर, कपाळावर आणि पाठीवर होते. काही पिकलेले, काही नवे, काही नखांनी खरवडलेले. या वयात कातडीतल्या तेलाच्या ग्रंथी जोरात काम करू लागतात, त्यांची तोंडे बुजतात आणि मुरुम येतात. मी तसे सांगितले.

वसंतानेच मान हलवली. "मुरुम नाहीत, डॉक्टरसाहेब. मातामायच हाये."

वर्ष बुडत असताना रोगी मोठ्या रोगाचा हट्ट धरतो, हे मला नवे होते. त्या काळी या वयासाठी वेगळा डॉक्टर नसे. लहान मुलांच्या बाकावर यांचे पाय मावत नसत आणि मोठ्यांच्या रांगेत तोंड उघडत नसे. मी आईवडिलांना बाहेर बसायला सांगितले.

"आता बोल. तुला मातामायच कशाला हवी?"

तो सतरंजीच्या दशा ओढत राहिला. "वर्गातले पोट्टे म्हणतात, मनात घाण विचार आले का मुरुम येतात. मायनं मातामाय म्हटलं, मले बरंच वाटलं."

"येतात विचार?"

"येतात न."

"तुझ्या वयात मलाही यायचे. मुरुम एकही नव्हता. विचार सगळ्यांना येतात, मुरुम काहींना. त्या दोघांची ओळखदेख नाही."

"खरंच?"

"साबणानं तोंड धू. नखं लावू नको. आणि गणितं सोडव."

बाहेर आई ऐकेना. "फोड हायेत तोवर मातामाय हाये. तिले हाकलता का तुम्ही? कोपली तर?"

"हाकलत नाही. पण हे सुकतील आणि नवे येतील. विशी उलटेपर्यंत चालेल."

भाऊराव उठले. "म्हणजे तोवर बिनफोडणीचं वरण?"

"पाहुणी घरात असेल तर."

"अन् दाढी?"

"तीही."

"अवं, दही हाये का घरात?" भाऊराव बायकोला म्हणाले. "भात टाक."

"पण फोड कुठं सुकले?"

"तिलेही तिचं घर हाये का नाही? पाहुणीले किती अडवून ठेवतं? लोक काय म्हणतील!"

हे आईला पटले. पाहुणीला हाकलणे वाईट, तसे अडवणेही वाईट. त्याच संध्याकाळी पाठवणी झाली.

सोमवारी हेडमास्तरांनी माझे सर्टिफिकेट दोनदा वाचले आणि तरीही वसंताला व्हरांड्यात एकटे बसवले. आत मुले घामाने निथळत होती, याला वारा लागत होता. तो पास झाला.

त्यानंतर त्याच्या वर्गातली मुले एकेक करून दवाखान्यात आली. केसपेपरवर सगळ्यांचे पोट दुखत होते. कंपाउंडर बाहेर गेला की दुखणे गालावर यायचे.

या वयात लाजेपेक्षा रोग परवडतो. रोगी स्वतःच्या रोगाचे नाव फार आग्रहाने सांगू लागला, तर नाडी नंतर बघावी. आधी खोली रिकामी करावी.