चक्राचं केंद्र मी सांगितलं, पण ऐकलं कोणाचं?

मंडळी, दुपारपासून डोकं तापलेलं आहे, म्हणून इथे लिहून राहिले.

आमच्या मोहल्ल्यातल्या विहाराच्या भिंतीवर चक्र रंगवणं सुरू आहे. पेंटरने काल मोठं वर्तुळ काढलं आणि मधला खिळा उपटून भोक पुट्टीने बुजवून टाकलं. आज चोवीस आरे काढायला गेला, तर केंद्रच सापडेना.

मी चौदा वर्षांपासून शाळेत गणित शिकवते. म्हटलं, "भैया, वर्तुळात एकमेकींना समांतर नसलेल्या दोन जीवा काढा. प्रत्येकीच्या बरोबर मधून काटकोनात रेषा ओढा. त्या दोन रेषा जिथे भेटतील, तेच केंद्र."

"दीदी, ये स्कूल थोड़ी है," पेंटर हसला.

समितीचे काका म्हणाले, "तू काहून त्रास घेतेस? तो अंदाजाने करून राहिला ना."

अंदाजाचे आरे एकीकडे आखूड, दुसरीकडे लांब आले. सगळं पुसावं लागलं.

तेवढ्यात माझे मिस्टर मला जेवायला बोलवायला आले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी काकांना माझंच वाक्य जसंच्या तसं ऐकवलं. दहावीत गणितात दोनदा नापास झालेला माणूस!

"वा साहेब, काय डोकं आहे!" काका म्हणाले. दहा मिनिटांत केंद्र सापडलं.

"काम झालं ना? चलो, सोड आता," मिस्टर म्हणतात.

उद्या नववीच्या मुलींना वर्तुळच शिकवायचं आहे. उत्तर बरोबर असलं की लोक ऐकतात, असं त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?