रिकाम्या माळाचा फोटो

लोणीच्या वरच्या अंगाला माळावर माझ्या आत्याचं खळं होतं. ज्वारी मळून झाली की दुपारच्या वाऱ्याची वाट बघायची. तो सुटला की तीन पायांच्या लाकडी घोडीवर चढून पाटीतून धान्य सोडायचं. दाणे पायाशी पडतात, भूस पलीकडे उडून जातं. पवनऊर्जेशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच. बाकीच्या माळावर आमची आणि भावकीची मेंढरं चरायची.

दोन हजार सालानंतर माळावर वारा मोजणारा उंच खांब आला आणि खांबापाठोपाठ परदेशातून एक कलावंत. तो पवनऊर्जा आणि तिचा वसाहतवादी वारसा यांवर कलात्मक संशोधन करत होता. आमच्या वाऱ्याला वारसा आहे, हे मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. पण त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि आजही माझं डोकं फिरतं ते त्यामुळेच. वाऱ्यावर जहाजं हाकत साहेब इथे आला. ज्या जमिनीतून शेतसारा मिळेना, तिच्यापुढे त्याने कागदावर 'पड' लिहिलं. आता पवनचक्क्या उभारणारी कंपनी तोच कागद दाखवून माळ मागते आहे. मी घोडेगावात नोकरी करत फावल्या वेळात जे वाचलं होतं, ते त्याने माझ्याहून नीट मांडलं. मी मान डोलावली.

मग त्याने कॅमेरा काढला. आत्या घोडीवर उभी राहून धान्य सोडत होती. बरोबरची पुण्याची दुभाषी मुलगी तिच्यापाशी आली.

"मावशी, जरा बाजूला होता का? मेंढ्यापण. सरांना माळ रिकामा हवाय."

"का गं बाई?"

"इंग्रज साहेबाला तो कसा दिसला, ते दाखवायचंय."

"त्याला मी दिसले नव्हते व्हय?" आत्या म्हणाली. "बरं, ह्याला तरी दिसतीया न्हवं?"

मुलीने याचं भाषांतर केलं नाही.

पावणं लांबून आलंय म्हणून आत्या खाली उतरली. मेंढरं टेकाडाआड हाकलली, घोडी उचलली. तिच्या जागी त्याने आपली, कॅमेऱ्याची तीन पायांची घोडी रोवली आणि ढग मनासारखा येईपर्यंत थांबला. ढग आला तोवर वारा पडला होता. ज्वारीची रास तशीच झाकून आम्ही घरी आलो.

पुण्यातल्या प्रदर्शनात तो फोटो भिंतभर लावला होता. खाली 'रिकामपण' या विषयावर बराच मजकूर होता आणि सर्वांत खाली आभार. त्यात खांब लावणारी कंपनीही होती. साहेबावर टीका करायलाही प्रायोजक लागतो, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

माळ कंपनीला द्यायचा ठराव ग्रामसभेत आला, तेव्हा कंपनीच्या माणसाने गुळगुळीत पत्रकं वाटली. त्यांवर तोच फोटो. खाली 'पडीक जमीन'.

"बघा, चिटपाखरू तरी दिसतंय का?"

"दिसंल कसं?" आत्या उठली. "त्यानंच हाकललं आमाला!"

लोक हसले. तोही हसला. "आजी, फोटो कधी खोटं बोलतो का?"

"मग चला की राव माळावर. समद्यांनी चला. हितं छपराखाली कशापायी भांडायचं?"

आरडाओरडा झाला, पण शेवटी सभा वर न्यायचं ठरलं. त्या दुपारी टेकाडाच्या दोन्ही अंगांना मेंढरं होती. आत्या घोडीवर चढली, पाटी तिरकी केली, आणि वाऱ्याच्या तोंडी नेमका कंपनीचा माणूस उभा. त्याच्या सफारीवर, भुवयांवर भूस बसलं. पत्रकांनी तो तोंड झाकत होता. तेवढा त्यांचा उपयोग झाला.

कलावंतही आला होता. आता त्याला 'प्रतिकार' टिपायचा होता. तीच मुलगी पुन्हा आत्यापाशी आली.

"मावशी, दोन मिनिटं थांबता का? कॅमेऱ्यात भूस जातंय."

"मागल्या खेपंला थांबले," आत्या पाटी न थांबवता म्हणाली, "तर वारं गेलं, आन् आता माळ चाललाय. ह्या बारीला तुमीच व्हा बाजूला."

या वेळी मुलीने भाषांतर केलं. त्याने आपली घोडी उचलली. मग मत मागितलं, तेव्हा खाली बसलेल्या लोकांपैकी ठरावाच्या बाजूने कोणीच हात वर केला नाही.